कोरा चहा, सुटी पत्ती आणि खडकवासल्याचे पाणी

पुण्यात चहा म्हणजे दुधासाखरेत उकळलेला, आले किंवा वेलदोडा घातलेला चहा, आणि गल्लोगल्ली अमृततुल्य असलेल्या या शहरात कोऱ्या चहाची बाजू मांडणे थोडे जोखमीचेच आहे. तरीही सुटी पत्ती आणून ती घरी निगुतीने करून चाखण्याचा नाद लागल्यापासून माझे एक मत पक्के होत गेले आहे. चहा कळण्यासाठी दहा प्रकारच्या पत्ती आणण्याची गरज नसते. एकच बरी पत्ती घेऊन ती वेगवेगळ्या तऱ्हेने करून पाहिली, की पुष्कळ समजते. कपात उतरणाऱ्या चवीचा मोठा भाग पाणी, वजन आणि वेळ यांवर ठरतो, आणि या तिन्ही गोष्टी आपल्या हातात असतात.

आपण रोज वापरतो ती दाणेदार पूड सीटीसी (क्रश, टिअर, कर्ल) पद्धतीची असते. 1930 च्या दशकात आसामात विल्यम मॅकर्चर यांनी काढलेल्या या पद्धतीत पाने दातेरी रुळांमधून चिरडली, फाडली आणि वळवली जातात. पानांतल्या पेशी त्यामुळे जवळजवळ पूर्ण फुटतात, रस हवेच्या संपर्कात येऊन झपाट्याने तांबूस होतो आणि पुढे भांड्यात रंग व कस चटकन उतरतो. दुधातले केसीन हे प्रथिन चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवते, म्हणून ही पूड खळखळून उकळली तरी चहा घशाला लागत नाही. अमृततुल्याच्या चहाला नावे ठेवण्यात म्हणूनच काही अर्थ नाही, कारण ती पूड त्याच कामासाठी घडवलेली असते. ऑर्थोडॉक्स पद्धतीची, म्हणजे अख्खी वळलेली पत्ती मात्र तशीच उकळली की कडूजहर होते, आणि मग ‘एवढे पैसे मोजून हे काय आणलेस?’ हा घरातला शेरा ऐकून घ्यावा लागतो.

आधी वजनाविषयी. चमचा हे माप येथे फसवे आहे. सीटीसीचे दाणे चमच्यात दाटीने बसतात, तर फुगीर पानांची दार्जिलिंग पत्ती किंवा कोवळ्या कळ्यांचा पांढरा चहा तेवढ्याच चमच्यात निम्म्याहूनही कमी वजनाचा मावतो. एक छोटा डिजिटल काटा घेतला की हा घोळ संपतो. चहा पारखण्यासाठी आयएसओ 3103 नावाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. त्यात 100 मिलिलिटर उकळत्या पाण्याला 2 ग्रॅम पत्ती आणि 6 मिनिटे असा हिशेब दिलेला आहे. हा चहा आनंदाने पिण्यासाठी नसतो. पत्तीतले गुणदोष ठळकपणे पुढे यावेत आणि दोन चहांची तुलना एकाच पायावर व्हावी, एवढाच त्याचा हेतू असतो. घरी पिण्यासाठी मी पत्तीचे प्रमाण तेच ठेवते आणि वेळ तीन मिनिटांवर आणते.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंचीवर असल्यामुळे आपल्याकडे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळते. काळ्या चहाला तेवढी उष्णता पुरेशी आहे, त्यामुळे त्याची चिंता नको. हिरव्या चहाचे गणित निराळे असते. वाफवून केलेल्या जपानी सेंचाला 70 ते 80 अंशांचे पाणी मानवते, कारण तुरटपणा आणणारी कॅटेचिन ही द्रव्ये पाणी जितके गरम तितकी अधिक सुटतात, तर गोडसर चव देणारे थिॲनिन हे अमिनो आम्ल कोमट पाण्यातही सहज उतरते. थर्मामीटर नसेल तर उकळलेले पाणी एका थंड भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ओतावे. प्रत्येक वेळी ते काही अंशांनी उतरते आणि दोन-तीन खेपांत कामापुरते निवते. ‘ग्रीन टी कडूच असतो’ असे सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो उकळत्या पाण्यात बुडवलेला असतो.

पाण्याच्या जातीकडे मात्र आपले सर्वांत कमी लक्ष जाते. खडकवासला धरणसाखळीतून येणारे नळाचे पाणी सह्याद्रीतल्या पावसाचे असल्याने बोअरच्या पाण्याच्या मानाने मऊ असते आणि चहाला छान साथ देते. उपनगरांतल्या अनेक सोसायट्यांत बोअरचे किंवा टँकरचे पाणी मिसळले जाते. त्यात कॅल्शियमचे क्षार अधिक असले की चहावर तपकिरी तवंग धरतो, रंग गढूळ होतो आणि सुगंध दबतो. तो तवंग अपायकारक नसतो, पण पहिल्या बहराचा, म्हणजे वर्षातल्या पहिल्या तोडणीचा, महागडा दार्जिलिंग त्या पाण्यात घालणे मला उधळपट्टी वाटते. आरओचे पाणी दुसऱ्या टोकाला जाते, कारण क्षार फारच कमी झाले की चहा सपक लागतो. शक्य असेल तर आरओचे आणि नळाचे पाणी मिसळून पाहावे.

आता प्रत्यक्ष चाखण्याकडे वळू. एकच दार्जिलिंग पत्ती तीन सारख्या कपांत प्रत्येकी 2 ग्रॅम घ्यावी, पाणी सारखेच ओतावे, बशीने झाकावे आणि अनुक्रमे दोन, तीन व पाच मिनिटांनी गाळावे. कपात बुडवायच्या छिद्रांच्या धातूच्या गोळ्यात पत्ती कोंडू नये, तिला उलगडायला जागा लागते. गाळल्यावर आधी ओल्या पत्तीचा वास घ्यावा, कारण कपापेक्षा तो अधिक बोलका असतो. मग चमच्याने चहा घेऊन चक्क भुरका मारावा. घरात लहानपणी ज्यासाठी डोळे वटारले गेले, तेच येथे शास्त्रशुद्ध आहे: भुरक्याबरोबर आत गेलेली हवा सुगंध घशामागून नाकापर्यंत नेते आणि चवीचा मोठा भाग तेथेच कळतो. दोन मिनिटांचा कप बहुधा फुलासारखा हलका असतो आणि पाच मिनिटांच्या कपात जिभेच्या कडा आवळल्या जातात. आपल्याला किती आवळलेले आवडते हे ज्याचे त्याने ठरवावे. मला तुरटपणा अजिबात नसलेला चहा पाणचट वाटतो.

एवढे हाताशी आले की ऋतूंचा फरक कळू लागतो. मार्च-एप्रिलमधला पहिला बहर पाने फार सुकवून केला जातो, म्हणून ती काळ्या चहाची असूनही हिरवट दिसतात आणि चव कोवळी, खळखळती लागते. मे-जूनमधल्या दुसऱ्या बहराला मस्कत जातीच्या द्राक्षांची आठवण करून देणारा गंध येतो. त्याचे थोडे श्रेय तुडतुड्यांना जाते: या किडींनी रस शोषला की झाड स्वसंरक्षणासाठी सुगंधी द्रव्ये तयार करते. ज्या तुडतुड्यांवर आपला शेतकरी फवारणी करतो, त्यांच्यामुळे चहाचा भाव वाढावा, हे मला फार गमतीचे वाटते. आसामचा दुसरा बहर माल्टसारखा, भरदार असतो आणि पत्तीच्या चहात दूध घालायचेच असेल तर यातच घालावे. निलगिरीचा थंडीतला चहा सुवासिक आणि तुरटपणाला कमी असल्याने नवख्यांना मी तोच सुचवते. चिनी ऊलाँगचे, म्हणजे हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधल्या प्रकाराचे, गोळे मात्र एकदाच वापरून टाकू नयेत. कमी पाणी आणि थोडा वेळ ठेवला तर ती पत्ती चार-पाच वेळा चहा देते, आणि दुसरा कप पहिल्याहून सरस निघतो.

खरेदी करताना पाकिटावरच्या एफटीजीएफओपी अशा लांबलचक अक्षरांना भुलू नये. ती प्रतवारी मुख्यतः पानाच्या आकाराची आणि कळ्यांच्या प्रमाणाची असते, चवीची हमी नसते. तोडणीचा हंगाम आणि वर्ष मात्र जरूर विचारावे. पत्ती ओलावा आणि वास दोन्ही पटकन ओढून घेते, म्हणून मसाल्याच्या डब्याशेजारी किंवा काचेच्या बरणीत उजेडात ती ठेवू नये. पुण्याच्या पावसाळ्यात तर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबाच बरा, आणि जून ते सप्टेंबर या काळात एका वेळी 50 ग्रॅमपेक्षा मोठे पाकीट फोडू नये.