हरल्याचे किस्से

आज शेजारच्या आजोबांकडे मॅच बघायला गेलेलो, शिकागोजवळ राहतो म्हणजे टीम अर्थातच नॉर्थवेस्टर्न, इथल्या युनिव्हर्सिटीची अमेरिकन फुटबॉल टीम. मॅच राहिली बाजूला, मंडळी जुन्या दिवसांत घुसली ती बाहेरच येईनात! १९७९ ते १९८२, सलग ३४ मॅच हरले हे लोक. चौतीस!! १९८१ मध्ये मिशिगन स्टेटने ६१-१४ असं धुतलं आणि सलग पराभवांचा रेकॉर्ड झाला, तर नॉर्थवेस्टर्नचीच कॉलेजची पोरं रडायच्या ऐवजी मैदानात घुसून "आम्ही सगळ्यात वाईट!" म्हणून ओरडत नाचली, गोलपोस्ट पण उखडले. आय-९४ हायवेच्या पाटीवर कोणीतरी रंगवलेलं, 'इंटरस्टेट ९४, नॉर्थवेस्टर्न ०', जणू हायवेनेच मॅच जिंकली! हे सांगताना आजोबांना हसू आवरेना, जांभळ्या टोपीने डोळे पुसत होते.

शेवटी सप्टेंबर ८२ मध्ये नॉर्दर्न इलिनॉयला ३१-६ हरवलं तेव्हा गोलपोस्ट थेट लेक मिशिगनमध्ये नेऊन टाकले म्हणे.

मी मुद्दाम १९९५ चा विषय काढला, नोत्र दामसारख्या नावाजलेल्या टीमला त्यांच्या घरी १७-१५ हरवलं, बिग टेन ही आपली लीग जिंकून रोझ बोल या मानाच्या मॅचला गेले वगैरे. तर सगळे "हो हो, भारी होतं ते" एवढंच म्हणाले आणि परत ८१ वर! मला तर वाटतं जिंकलेल्या वर्षाचं काय, ते कुणीही सांगेल, पण तेव्हा थंडीत रिकाम्या स्टँडमध्ये बसलो होतो हे सांगायचा माज वेगळाच. बायको म्हणते, पुढच्या वेळी चिवडा जास्त घेऊन जा, यांचं लवकर संपणार नाहीये 😄