टिफनीचा तवा आणि मेंढरांची डॉक्टर

शूर मुलगी म्हटलं की बरेच लेखक तिच्या हातात तलवार देतात आणि मोकळे होतात. स्वभाव हट्टी, केस लाल, आणि पाळण्यात असल्यापासून कुठली तरी भविष्यवाणी नावावर. सातवीतली माझी भाची अशा पुस्तकांचा फडशा पाडते आणि रविवारी फोनवर मला गोष्ट सांगते. मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झालेली बाई, त्यामुळे माझा प्रश्न ठरलेला असतो: "बरं, पण तिला काम काय येतं?"

या प्रश्नाला खणखणीत उत्तर देणारी पोर म्हणजे टिफनी एकिंग. टेरी प्रॅचेटच्या 'द वी फ्री मेन' (२००३) मध्ये ती नऊ वर्षांची आहे. मेंढपाळाच्या घरातली, लोणी काढणारी, चीज करणारी. कादंबरीतला मुलुख खडूच्या टेकड्यांचा. प्रॅचेट स्वतः दक्षिण इंग्लंडात, विल्टशरमध्ये राहायचा, तिथल्या टेकड्या अशाच. आमच्या माणदेशात पाऊस नाही म्हणून मेंढरं. तिकडे पाऊस पडतो, पण खडूतून पाणी झिरपून जातं, वर उरतं ते आखूड गवत. म्हणून तिथेही मेंढरंच. एवढं वाचल्यावर मी पुस्तक खाली ठेवणं शक्य नव्हतं.

सुरुवातीलाच नदीतून एक हिरवी, दातांची हडळ वर येते. टिफनी धाकट्या भावाला घेऊन पळते. इथवर कुणीही पळेल. घरी आल्यावर मात्र ती गोष्टींचं पुस्तक उघडून त्या हडळीची नोंद शोधते. डोळे सूपच्या बशीएवढे, असं तिथे लिहिलेलं. मग स्वयंपाकघरातली बशी मोजपट्टीनं मोजते. आठ इंच! खात्री पटली की लोखंडी फ्राइंग पॅन आणि गोळ्यांची पुडी घेऊन परत नदीवर. गोळ्या भावासाठी, आणि भाऊ हडळीसाठी. आमिष म्हणून त्याला काठावर बसवते आणि हडळ वर आली की पॅन हाणते.

भाचीला हा भाग भयंकर वाटला. सख्ख्या भावाला आमिष? मला मात्र तिथेच ही पोर खरी वाटली. तो भाऊ चिकट, रडका, सारखा गोळ्या मागणारा, आणि तिला तो फारसा आवडतही नाही. पुढे परीराणी त्याला पळवते तेव्हा ती त्याला आणायला जाते, कारण तो तिचा आहे. मायेचे उमाळे नाहीत. कळप राखणाऱ्या माणसाचं असंच असतं. हरवलेलं मेंढरू लाडकं होतं की नाही, हे कुणी बघत नाही.

तिच्या मदतीला वीतभर उंचीचे, निळे, दारुडे, चोरटे, भांडखोर बुटके येतात. त्यांच्या रिवाजाप्रमाणे तिला त्यांच्या म्होरक्याशी लग्न ठरवावं लागतं. नाही म्हणता येत नाही, पण तारीख मुलीनं ठरवायची. टिफनी सांगते, जगाच्या टोकाला मैलभर उंच खडकाचा डोंगर आहे, वर्षातून एकदा एक चिमणं पाखरू येऊन त्यावर चोच पुसतं. डोंगर झिजून वाळूच्या कणाएवढा झाला की त्या दिवशी लग्न. नवरदेव तिच्यापेक्षा जास्त खूश होतो.

तिच्याकडचं सगळं शहाणपण आजीकडून आलेलं. ही आजी कथा सुरू व्हायच्या आधीच वारली आहे. टेकडीवर चाकाच्या झोपडीत राहणारी, तंबाखू ओढणारी, मोजकं बोलणारी. जमीनदाराच्या लाडक्या कुत्र्यानं मेंढरू मारलं तेव्हाचा प्रसंग मी दवाखान्यातल्या सगळ्यांना सांगितला होता. अशा कुत्र्याला मारायचं, हा तिथला कायदा. जमीनदार रदबदली करतो. आजी त्या कुत्र्याला गोठ्यात कोंडते, कोकरू बरोबर असलेल्या मेंढीसोबत. मेंढी त्याला अशी धडका देते की पुढे तो मेंढरांकडे मान वर करून बघत नाही. लोक म्हणतात जादू. ताजी व्यालेली मेंढी काय करते ते ज्यानं पाहिलंय, तो असं म्हणणार नाही. आणि त्याच आजीला टिफनीनं जत्रेतली चिनी मातीची मेंढपाळीण भेट दिलेली असते, झालरीचा झगा घातलेली. नंतर तिला खंत लागून राहते की आजीला ती थट्टा वाटली असेल. चिखलात गुडघाभर उभं राहून मेंढ्या सोडवणाऱ्या बाईला झालरीची बाहुली! ते वाचताना मला गुदमरल्यासारखं झालं.

पण या पुस्तकाशी माझं नातं जडलं ते दुसऱ्याच एका पात्रामुळे. गावात एक म्हातारी असते, बोळकं झालेली, एकटीच पुटपुटणारी. जमीनदाराचा मुलगा हरवतो आणि संशय तिच्यावर. गोष्टीतल्या चेटकिणी अशाच दिसतात ना! घर जाळतात, कुणी थारा देत नाही, थंडीत ती बर्फात मरते. टिफनी ठरवते की आपण चेटकीण व्हायचं, म्हणजे असं पुन्हा होणार नाही. चेटकिणीला भट्टीत ढकलणाऱ्या पोरांची गोष्ट वाचूनही तिच्या मनात पहिला प्रश्न येतो तो भट्टीच्या मापाचा. अख्खं माणूस मावेल एवढी भट्टी असते कुणाच्या घरी?

माझी एक बदली नंदुरबार जिल्ह्यात होती, सातपुड्यात. तिथे एखाद्या बाईला डाकीण ठरवणं अजून ऐकू येतं. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला, त्यात हेही गुन्ह्यात धरलं आहे. पण संशय सुरू होतो तो बरेचदा गोठ्यातून. पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग आला की शेळ्यांना ताप चढतो, नाकाडोळ्यांतून पाणी गळतं, तोंडात चट्टे पडतात, हगवण लागते, करडं पटापट जातात. मग कुणी तरी म्हणतं, त्या बाईची नजर. लस आहे, एका टोचणीनं काही वर्षांचं संरक्षण मिळतं. मी टोचत फिरले आणि सांगतही फिरले. म्हणून मोजपट्टी घेऊन बसलेली नऊ वर्षांची पोर मला तलवारवालीपेक्षा जास्त शूर वाटते. समोर राक्षस असताना तलवार चालवणं एक. अख्खं गाव एका बाजूला असताना "पण माप काय?" असं विचारणं फार अवघड.

आपल्या लोककथांतली राजकन्याही काही कमी नसते, हे जाता जाता सांगते. राक्षसाचा जीव कुठल्या पोपटात आहे, हे त्याच्याच तोंडून कोण काढून घेतं? तीच. एकटीनं, त्याच्याच घरात राहून. आणि राज्य, वाजतगाजत मिरवणूक, सगळं त्या पोपटाची मान मुरगळणाऱ्याला.

भाचीनं मग मला अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेनची रोन्या वाचायला लावली (१९८१, स्वीडन). दरोडेखोरांच्या सरदाराची लेक. पहिल्यांदा रानात जाताना बाप बजावतो: नदीत पडू नकोस, खोल कपारीत पडू नकोस, वाट चुकू नकोस. रोन्या आज्ञाधारक. नदीत न पडण्याचा सराव करायचा तर तो नदीवरच करावा लागणार, म्हणून ती ओल्या दगडांवरून उड्या मारते. कपारीचंही तेच. पोरींना सूचना देणाऱ्या सगळ्या बापांनी हे पान वाचावं.

त्यातही माझं लक्ष गेलं ते घोडीवर. अस्वलानं तिचं शिंगरू मारलंय, तिला ओरबाडलंय, रक्त थांबत नाही. रोन्या शेवाळ दाबून रक्त थांबवते. पांढरं शेवाळ जखमेवर चालतं, पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमांवरही ते बांधत. आणि मग रोन्या आणि तिचा मित्र त्या घोडीचं दूध काढतात. पिल्लू गेलेल्या मादीची कास तटतटते, दूध काढलं की तिलाही आराम. "आत्या, तू सारखी जनावरांवरच येतेस," भाची म्हणाली. येणारच.

तिची स्वतःची आवडती फिलिप पुलमनची लायरा. १९९५ च्या पहिल्या पुस्तकात ती थापा मारून अस्वलांच्या राजालाच द्वंद्वात ओढते. आमचं यावर जमत नाही. सत्य सांगणारं यंत्र लायराला न शिकता वाचता येतं, आणि फुकट आलेल्या विद्येचा मला राग आहे. पण तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी ती देणगी जाते, आणि तीच विद्या परत हवी तर आयुष्यभर अभ्यास करावा लागेल असं तिला सांगतात. तिथे मी पुलमनला माफ केलं. भाची तिथे रडली.

हे सगळं मराठीत कुणी लिहील का? धनगराच्या वाड्यावरची दहा वर्षांची मुलगी घ्या. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात, पावसाच्या आत वर. संध्याकाळी कळप परतला की कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं, हे तिला बरोबर ठाऊक असतं. मेंढी अडली की तिचा हात माझ्यापेक्षा कामाचा, कारण तो लहान असतो. मी स्वतः अशा पोरींना सांगत सांगत कोकरांचे अडकलेले पाय सोडवून घेतलेत. अद्भुत घालायला घाटात जागा भरपूर आहे.

भाचीला विचारलं, राक्षस कुठला घालू या? ती म्हणाली लांडगा. मी म्हटलं, लांडगा नको, गोष्टींनी त्याला आधीच पुरेसं बदनाम केलंय. मग पीपीआर, असं मी सुचवलं, तर राक्षसाला डोळे हवेत म्हणे. सध्या गाडी तिथेच अडली आहे.