शनिवारी साफ, सोमवारी लाल रेघ

धुळ्यात आयटीआयच्या मुलांना मी वेल्डिंग शिकवतो. पोळ्यासाठी गावी आलेला एक जुना विद्यार्थी त्या शनिवारी वर्कशॉपमध्ये येऊन बसला होता. मुंबईला माझगाव डॉक या जहाजबांधणीच्या कारखान्यात तो पाणबुडीच्या कामावर वेल्डर आहे. तिथल्या कामाचं तो बोलत नाही, आम्हीही विचारत नाही.

मुलं २५ मिलिमीटर जाडीच्या पोलादाचे तुकडे जोडत होती. एमआयडीसीतून मिळालेला माल, साध्या एमएसपेक्षा, म्हणजे नेहमीच्या माइल्ड स्टीलपेक्षा, कितीतरी कणखर. जोड सुरेख आला. गार झाल्यावर डीपी टेस्ट घेतली, म्हणजे वरची बारीक भेग रंगानं शोधायची चाचणी. लाल रंग लावला, पुसला, वर पांढरा डेव्हलपर फवारला. एक ठिपकाही उमटला नाही. मी मुलांची पाठ थोपटली.

तो मात्र रॅकवरच्या फुटलेल्या पाकिटाकडे बघत होता. ७०१८ जातीचे, लेप दिलेले वेल्डिंग रॉड. बाहेर तीन दिवसांपासून झड लागलेली आणि रॉड कोरडे ठेवणारा आमचा ओव्हन कित्येक महिने बंद पडलेला.

"सर, आताच पास नका करू. ४८ तास ठेवा, मग बघा."

सोमवारी सगळ्यांसमोर पुन्हा टेस्ट घेतली. डेव्हलपर वाळता वाळता जोडाच्या कडेला केसाएवढी लाल रेघ दिसू लागली आणि बघता बघता बोटभर लांब झाली.

"सर, शनिवारले ते काहीच नव्हतं!" एक पोरगा ओरडलाच.

रॉडच्या लेपात ओल असली की तिच्यातून हायड्रोजन सुटतो आणि वितळलेल्या धातूत शिरतो. जोड गार झाला की तो आतच अडकतो, कडेच्या कडक झालेल्या पट्टीत साठतो आणि सावकाश पोलाद फाडतो. साध्या लोखंडाला याचा फारसा त्रास नाही. पोलाद जितकं कणखर, तितकी ही भीती जास्त. पाणबुडीचं कवच तर अशाच पोलादाचं.

मग एका मुलाचा तळहात फळ्यावर टेकवून मी भोवती खडूनं रेघ मारली. साधारण १०० चौरस सेंटिमीटर. पाण्यात दर १० मीटरला चौरस सेंटिमीटरमागे १ किलो दाब वाढतो. म्हणजे ३०० मीटरवर या एवढ्याशा तळव्यावर ३ टन. वर्ग गप्प झाला. १९६३ साली अमेरिकेची थ्रेशर ही अणुपाणबुडी खोल पाण्यातल्या चाचणीत १२९ माणसांसह बुडाली, ते सांगितलं. चौकशीत संशय आला तो पाइपाच्या जोडावर.

"अणुपाणबुडीपण बुडते?" मागून प्रश्न आला. फरक चालवणाऱ्या शक्तीत आहे. डिझेलवरच्या पाणबुडीला बॅटऱ्या चार्ज करायला वर यावं लागतं, कारण इंजिनाला हवा लागते. आपली अणुपाणबुडी अरिहंत किंवा २०२४ साली नौदलात आलेली अरिघात यांच्या अणुभट्टीला हवा लागत नाही, त्या महिनोन्‌महिने खाली राहू शकतात. पण पाण्याला दोघी सारख्याच.

मला त्या दिवशी खरं बोलायचं होतं ते वेगळंच. माझगाव डॉकनं जर्मन आराखड्यावर शाल्की ही पाणबुडी बांधली, १९९२ साली ती नौदलात आली. १९९४ साली शंकुल आली. आणि काम थांबलं. शिकून तयार झालेले हात पांगले. पुढच्या सहा पाणबुड्यांचा करार झाला २००५ साली आणि त्यातली पहिली, कलवरी, नौदलात यायला २०१७ उजाडलं. फ्रेंच आराखडा, नवे वेल्डर, पुन्हा श्रीगणेशा. सहावी वागशीर जानेवारी २०२५मध्ये आली. आराखडा कपाटात ठेवता येतो, हात ठेवता येत नाही. नव्या पाणबुड्यांचं काम लांबल्याची बातमी वाचली की म्हणूनच माझ्या पोटात गोळा येतो.

मंगळवारी आम्ही तो जोड ग्राइंडरनं मुळापर्यंत खोदला. जुन्या विद्यार्थ्यानं सुट्टीतला एक दिवस आमच्यासाठी मोडला. बाहेरून मागून आणलेल्या ओव्हनमध्ये रॉड भाजले, गॅसच्या टॉर्चनं पोलाद तापवलं, ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या खडूनं तपासलं आणि मग आर्क पेटवला. जोड संपल्यावर कुणी डीपीच्या डब्याला हात लावला नाही. सोमवारी ओरडलेल्या त्या पोरानं खडू घेतला आणि जोडाशेजारी लिहिलं: मंगळवार, दुपारी ४. गुरुवारी ४ नंतर बघणे.