बाळ बरं आहे, मग आशा ताई पुन्हा कशाला येते?

आशा ताई म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविका; बाळंतपणानंतर ती घरी यायला लागली की हा प्रश्न येतोच. प्रश्न बहुतेक वेळा बाळंतिणीच्या सासूचा असतो, कधी नव्या बापाचा: "बाळंतपण दवाखान्यात झालं, वजन केलं, लस टोचली. आता ही सारखी घरी येऊन काय बघते?"

नवजात बाळ आजारी पडलं की आरडाओरडा करत नाही, गप्प होतं. दूध ओढणं कमी होतं, हातपाय सैल पडतात, रडणं बारीक होतं. घरच्यांना वाटतं, गुणी आहे, झोपून असतं. हे वेळेत ओळखायला दर वेळी डॉक्टरच लागतो असं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. २०११ मध्ये केंद्र सरकारनं गृहभेटी देशभर आशांकडे दिल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही.

भेटीतला क्रम महत्त्वाचा. आधी साबणानं हात धुवायचे. मग बाळ शांत असतानाच श्वास मोजायचा, कारण वजनासाठी झोळीत घातलं की ते रडणार आणि मोजणी फुकट जाणार. पोट वरखाली होताना बघत पूर्ण एक मिनिट मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणं ही नेहमीची चूक. नवजात बाळाचा श्वास मध्येच थांबतो, मध्येच भरभर चालतो. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजायचं, पुन्हा तेच आलं तर दवाखाना. नंतर काख कोरडी करून थर्मामीटर: ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस ठीक. थर्मामीटर बंद पडला असेल तर हाताची पाठ पोटाला आणि तळव्याला लावायची. पोट गरम, पाय गार म्हणजे बाळाला थंडी वाजतेय. आईच्या उघड्या छातीवर घेऊन वरून पांघरूण घालायचं. दोन्ही गार असतील तर तसंच छातीशी धरून दवाखाना गाठायचा.

वजन सगळ्यात शेवटी. रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणायचा, नाहीतर झोळीचं वजन बाळाच्या नावावर चढतं. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, त्यात घाबरण्यासारखं नाही. चौदाव्या दिवशीही ते जन्माच्या वजनावर आलं नसेल तर मात्र दूध कुठेतरी कमी पडतंय. "अंगावर पाजतेस ना?" या प्रश्नाला 'हो' याशिवाय उत्तर येत नाही. चार मिनिटं पाजताना बघितलं की पकड वरवरची आहे का ते कळतं. तसंच "पाणी देत नाही ना?" असं विचारू नये. "उन्हाळ्यात तहान लागली की काय देता?" असं विचारलं की पाणी, मध, घुट्टी सगळं बाहेर येतं.

भेटी बुडतात कुठे? सर्रास माहेरी. पहिलं बाळंतपण माहेरचं, नाव सासरच्या गावच्या नोंदवहीत. सासरची आशा म्हणते ती इथे नाही, माहेरची म्हणते ती माझ्या यादीत नाही. मधल्या सव्वा महिन्यात सगळ्या भेटी कोऱ्या. उपाय साधा आहे: सातव्या महिन्यातच माहेरच्या आशाचा नंबर माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्यायचा. आणि हेही सांगून टाकतो, या सगळ्या भेटींचे मिळून आशाला ठरलेले २५० रुपये. गणित तुम्हीच करा.

२०१८ पासून ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यालाही भेटी आहेत. सहाव्या महिन्याची आमच्या मते सगळ्यात मोलाची. वरचं अन्न म्हणून डाळीचं पाणी सुरू होतं आणि डाळ मोठ्यांच्या ताटात जाते. चमचा तिरका केला तरी पटकन ओघळणार नाही इतकं घट्ट हवं, वर थोडं तेल किंवा तूप. लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा १ मिली. शी काळी झाली की घाबरून बाटली फळीवर जाते, म्हणून हे आधीच सांगून ठेवायचं. ५० मिलीची बाटली नवव्या महिन्याच्या भेटीत साधारण निम्मी झालेली हवी. विचारायच्या ऐवजी बाटली बघायची.

सगळ्यात अवघड घर म्हणजे कुलूप लागलेलं. बीडकडची कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघतात, बाळ कोपीत (ऊसतोड्यांच्या झोपडीत) आणि उसाच्या फडात वाढतं, परत येतं ते उन्हाळ्यात. निघायच्या आठवड्यात एक जादा भेट द्यावी: वजन, दंडघेर (सहा महिन्यांपुढच्या बाळाचा ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते बाळ टोळीबरोबर नाही, आधी दवाखान्यात), पुढच्या लसीची तारीख, जुलाबासाठी ओआरएसची दोन पाकिटं. एक पाकीट एक लिटर पाण्यात, निम्मं नाही. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यावर साखर कारखान्याचं नाव आणि टोळी नेणाऱ्या मुकादमाचा नंबर लिहावा. त्या नंबरावर फोन लागतो. बापाचा बऱ्याचदा बंद असतो.