86 अंशच ना?

"86 अंशच ना? मग एवढं काय भाजणार!" दादरला चहाच्या टपरीवर आज कानावर पडलेलं हे वाक्य डोक्यातून जाईना. विषय चिलीतल्या एल तातिओच्या गरम कारंज्यांचा.

उंची सुमारे 4300 मीटर. हवेचा दाब कमी, म्हणून पाणी मुंबईसारखं 100 ला नाही, 86 च्या आसपासच उकळतं. पण कातडी सोलायला 60 अंशही काही सेकंदांत पुरतात! आणि खरी भीती कारंज्यापेक्षा त्याच्या काठाची. पाण्यातून साचलेल्या सिलिका या खनिजाचा पांढरट पापुद्रा वरून फरशीसारखा टणक दिसतो. खाली पोकळ, त्यात उकळतं पाणी. आखलेली वाट सोडून फोटोला दोन पावलं पुढे गेलात की पाय थेट आत.

पहाटेच का जायचं? तेव्हा हवा शून्याखाली असते, वाफेचे लगेच बारीक थेंब होतात आणि पांढरे खांब उभे राहतात. ऊन चढलं की वाफ तेवढीच येते, फारशी दिसत मात्र नाही.

विरळ हवेनं डोकं दुखतं, मळमळतं, ते वेगळंच. मुक्कामाचं गाव सान पेद्रो 2400 मीटरवर आहे. तिथे दोन-तीन रात्री काढून मगच वर जावं. पहिल्याच पहाटे तातिओ ठेवणारे कार्यक्रम आखतं तरी कोण हो?