सालाम्पीची तुख्या: तिसऱ्यांदा खोडून

मागच्या नोंदीत माझ्या गोष्टीतल्या सालाम्पीचं नुसतं कच्चं रेखाटन होतं. रशियातल्या व्होल्गाकाठची पोरगी, आई रशियन, बाप तिथल्याच चुवाश लोकांतला. वुपार नावाचा दुष्टात्मा सूर्य गिळतो तेव्हा हिच्या टोपीवरच्या नाण्यांत तेवढा उजेड शिल्लक राहतो. ती एक नाणं तोडते, उजेड वापरते, नाणं विझतं. वुपार मात्र माझा नव्हे, चुवाश लोककथांतलाच. ग्रहण लागतं ते त्याने सूर्य-चंद्र खाल्ल्यामुळे. आपल्या राहूचा लांबचा मावसभाऊ म्हणा.

तीन आठवडे टोपीतच गेले. मी आधी हिला खुश्पू घातला होता: वरून उघडा, मागे पाठीवर नाण्यांनी मढवलेली लांब पट्टी. काय रुबाब होता! मग कळलं, खुश्पू लग्न झालेल्या बाईचा. कुमारिकेची ती तुख्या: शिरस्त्राणासारखी बंद टोपी, वर मणी आणि नाणी शिवलेली, काहींना तर टोकाशी छोटा कळससुद्धा. म्हणजे मी शाळकरी मुलीला मंगळसूत्र घालून बसले होते. छातीवर काढलेली केस्के, म्हणजे भरतकामाची चक्रं, तीही विवाहितेचीच निघाली. चित्रातले दोन्ही थर उडवले.

आईकडून कोकोश्निक, म्हणजे रशियन बायकांचं उंच सजवलेलं शिरोभूषण, द्यायचा मोहही आवरला. रशियन म्हटलं की सगळे तेच काढतात, शिवाय जुन्या रिवाजात तोही मुख्यतः विवाहितेच्या डोक्यावरचा. मुलगी एक वेणी घालायची, लग्नानंतर दोन वेण्या होऊन झाकल्या जायच्या. म्हणून सालाम्पीची एकच जाड वेणी तुख्येखालून पाठीवर सोडली आहे. रशियन आई तेवढ्यानेच कळते. कमरेला आईचा रुश्निक, म्हणजे भरतकाम केलेला लांब पंचा, बांधलाय, तो अजून जमलेला नाही.

आता नाणी. आधी एकच गोल नाणं काढून शिक्क्यासारखं सगळीकडे उमटवलं. टोपी बाटल्यांची बुचं चिकटवल्यासारखी दिसायला लागली. जुने रशियन चांदीचे कोपेक गोल नव्हतेच. तारेचा तुकडा चपटा करून त्यावर ठसा मारायचे, म्हणून प्रत्येक नाणं वेडंवाकडं, लांबट. संग्राहक त्यांना ‘खवले’ म्हणतात, आणि चुवाश दागिन्यांत ती शिवलेली सापडतात. मग सात वेगवेगळे खवले काढले आणि कौलांसारखे वरची ओळ खालच्या ओळीवर चढवत गेले. सावली एका बाजूनेच दिली आणि टोपीला एकदम वजन आलं. माझी आई मागून डोकावून म्हणाली, “अगं, ही पुतळ्यांची माळ डोक्यावर का घातलीय हिने?” चुकीचं नाही म्हणत ती.

भरतकामाने वेगळाच धडा शिकवला. सदऱ्याच्या बाह्यांवर मी मोकळ्या हाताने वळणदार वेल काढली होती, आणि ती खोटी वाटत होती. चुवाश भरतकाम कापडाचे धागे मोजून होतं. काळ्या धाग्याची कड आणि आत मंजिष्ठाचा लाल. धागे मोजायचे म्हटल्यावर रेघा आडव्या, उभ्या, तिरक्या, वळण पायऱ्यापायऱ्यांनीच. म्हणून क्रिता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये आठ पिक्सेलची जाळी लावली आणि ब्रशला तिच्याबाहेर जाऊच दिलं नाही. एका बाहीला दोन संध्याकाळी गेल्या. छातीखाली आठ टोकांचे तीन सूर्य घेतलेत, चुवाशिया या रशियातल्या चुवाश प्रजासत्ताकाच्या 1992च्या ध्वजावर आहेत ते. गोष्टीतला सूर्यच गायब, त्यामुळे मधला सूर्य नुसत्या काळ्या कडेचा ठेवला, आत लाल भरला नाही.

सध्या अडलंय ते शेवटच्या अवस्थेत. पूर्ण भरलेली तुख्या झाली, अर्धी विझलेलीही झाली. पण सगळी नाणी गेल्यावर उरते ती नुसती कापडी टोपी, आणि चेहरा अचानक दहा वर्षांनी लहान दिसतो. तुटलेल्या दोऱ्यांची टोकं लोंबती ठेवून पाहिली, तर पाऊस पडल्यासारखं दिसतं. आज रात्री दोरे अर्धे कमी करून बघते.