आज स्केलेटर घरी आला

शुक्रवार म्हणून पहाटे साडेपाचलाच चोर बाजार गाठला, जुम्माचा बाजार, टॉर्च मारून मारून माल बघायचा. एका चाचाच्या चादरीवर तुटके रिमोट नि घड्याळांच्या ढिगात निळा हात दिसला आणि आपली विकेटच गेली यार!! स्केलेटर! ही-मॅन कार्टूनमधल्या व्हिलनचं खेळणं! पिवळी कवटी, जांभळं चिलखत, पाठीवर खेळणी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीचा छाप, १९८१. (ते साल कॉपीराइटचं बरं का, खेळणी बाजारात आली १९८२ ला, बरेच जण इथे फसतात.) कंबर पिळून सोडली की अजून गर्रकन फिरून ठोसा मारतो, पण एक पाय लोंबतोय, आतला रबर गेलाय, ते होईल. मेंढ्याच्या कवटीचा दंडा मात्र गायब, तो मिळणं म्हणजे नशीब लागतं.

चाचा आठशे म्हणाला, मी साडेतीनशेत उचलला.

लहानपणी दूरदर्शनवर सगळे ही-मॅनसाठी बसायचे, मी याच्या त्या चिरक्या हसण्यासाठी. हिरो काय सगळेच जमवतात हो.

आईने बघितलं, म्हणाली, "हे भूत देवघराजवळ ठेवायचं नाही हं." सध्या फ्रीजवर आहे.